उजवीकडची सीट

अख्खं गाव मास्तरांकडे गाडी शिकलं होतं. दातांचे डॉक्टर, डॉक्टरांची सासू, पोलीस ठाण्याचे साहेब, एवढंच काय, शववाहिका चालवणारा माणूससुद्धा. आणि मास्तरांची शिकवायची पद्धत एकच होती, ओरडायची. "अरे पाय उचल! क्लच आहे तो, सासऱ्याचा पाय नाही, धरून काय बसलास!" विद्यार्थी रडकुंडीला यायचे, घरी जाऊन जेवायचे नाहीत, पण टेस्ट मात्र एका झटक्यात पास व्हायचे. त्यामुळे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक खूश, गाव खूश, आणि मास्तर तर काय, रस्त्यानं चालत निघाले तरी गाड्या आपोआप हळू व्हायच्या. लोकांना अजून भीती वाटायची की हे काचेतून हात घालून स्टिअरिंग फिरवतील.

पण यात एक भानगड होती, आणि ती जगात फक्त एकाच माणसाला माहीत होती. खुद्द मास्तरांना.

भानगड अशी, की मास्तर बावीस वर्षं डावीकडच्या सीटवर बसले होते. तरुणपणी लायसन्स काढलं, लगेच ही नोकरी लागली, आणि नोकरी म्हणजे शिकणाऱ्याच्या शेजारी बसणं. तिथं त्यांच्या पायाशी वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. शिकणारा चुकला की मास्तर ब्रेक दाबणार, उजव्या हातानं स्टिअरिंग ओढणार. तेही कुठं, तर बाजार, पाण्याची टाकी, शाळा, परत बाजार. गाडी चौथ्या गिअरमध्ये पडायच्या आत बाजार यायचा. घरी यायला-जायला स्कूटर. उजवीकडच्या सीटवर बसून, एकट्यानं, शेजारी ब्रेक दाबायला कुणी नसताना, गावाबाहेरच्या रस्त्यावर मास्तरांनी आयुष्यात गाडी चालवली नव्हती. एकदाही नाही! आणि आता ते कुणाला सांगायचं तरी कसं? स्वयंपाक्यानं सांगावं का, की मी फक्त दुसऱ्याच्या कढईत डोकावतो म्हणून?

सांगायची वेळही आली नसती. पण टेलरचा मेहुणा परदेशात नोकरीला गेला आणि जाताना नवीकोरी गाडी टेलरच्या दारात लावून, किल्ली हातात देऊन म्हणाला, "दाजी, उभी ठेवू नका हं, खराब होते. फिरवा मस्त."

टेलर म्हणजे मास्तरांचा शाळेपासूनचा मित्र. दुसरा मित्र औषधांच्या दुकानाचा मालक, त्याला सगळे डोस म्हणायचे, कारण तो कुठल्याही विषयावर सकाळी एक, दुपारी एक आणि रात्री झोपताना एक असं ऐकवायचा. हे दोघं मास्तरांना ब्रेक्या म्हणायचे. तिघं गेली कित्येक वर्षं म्हणत होते, एकदा आठवडाभर कुठंतरी लांब जाऊ या, डोंगर बघू, तळं बघू, समुद्र बघू, बायकापोरं नाहीत, घाई नाही, वाटेल तिथं थांबायचं. दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी कुणाला तरी कावीळ व्हायची.

"या वेळी जायचंच," टेलर म्हणाला. "गाडी आहे, सुट्टी आहे, आणि ड्रायव्हर तर घरचाच आहे!"

आणि दोघांनी मास्तरांच्या पाठीत असा धपका घातला, की मास्तरांच्या तोंडातून निघायचं होतं "मला" आणि निघालं "हो".

झालं! दुसऱ्या दिवसापासून टेलरच्या दुकानात, शटर अर्धं ओढून, बैठका सुरू. कापड कापायच्या मोठ्या टेबलावर टेलरनं अस्तराचा एक पांढरा तुकडा पसरला आणि निळ्या खडूनं नकाशा काढायला घेतला. हा डोंगर, हे तळं, हा किनारा. आणि अंतरं मोजायची कशानं, तर गळ्यातल्या टेपनं.

"डोंगरापासून तळं साडेसात इंच," टेलर म्हणाला.

"म्हणजे किती तास?" डोस.

"ते ब्रेक्याला विचार. आपलं काम मापं घ्यायचं."

मास्तरांनी अस्तरावर वाकून बघितलं. डोंगरावर टेलरनं इतकी नागमोडी वळणं काढली होती, की मास्तरांनी ती मोजायचं सहाव्या वळणालाच सोडून दिलं. "हा घाट नको," ते गंभीर आवाजात म्हणाले. "इथं धुकं असतं."

"बरं, मग हा खालचा?"

"तिथं ट्रक फार."

"हा सरळ हायवे?"

"सरळ रस्त्यावर झोप लागते. तुम्हाला नाही कळायचं ते, शास्त्र आहे त्यामागं."

डोसनं चष्मा वर केला. "म्हणजे याला वाकडा रस्ता नको, सरळ नको, चढ नको, उतार नको, ट्रक नकोत. अरे लेका, मग आपण सात दिवस टेलरच्या दुकानातच फिरू या की! हा इस्त्रीचा डोंगर, ते पाण्याचं पिंप म्हणजे तळं."

"अरे, तो अनुभवी माणूस आहे," टेलर म्हणाला. "काहीतरी असेल त्याच्या डोक्यात."

डोक्यात काही नव्हतं. सगळं पायात होतं. घाट हा शब्द आला की टेबलाखाली मास्तरांचा पाय आपोआप दाबला जायचा आणि शेजारच्या शिलाई मशीनचं पायडल खटखट हलायचं. टेलरला वाटायचं उंदीर झालेत. त्यानं पिंजरासुद्धा लावला.

मग एक घोळ झाला, आणि मास्तरांना वाटलं, सुटलो! टेलरच्या कारागिरानं ते अस्तर टेबलावरून उचललं आणि हेडमास्तरांच्या कोटाला आतून शिवून टाकलं. अख्खी सहल! डोंगर पाठीत, तळं डाव्या काखेत आणि समुद्रकिनारा आतल्या खिशापाशी. कोट गेला हेडमास्तरांच्या घरी, आणि हेडमास्तर तो घालून बक्षीस समारंभाला. मास्तर मनातल्या मनात म्हणाले, चला, नकाशाच नाही तर सहल कुठली. पण डोस कसला! तो समारंभाला गेला, हेडमास्तरांना म्हणाला, "सर, उकडत असेल ना, काढा तो कोट," आणि त्यांचं भाषण चालू असताना मागं खुर्चीवर बसून अख्खा रस्ता औषधाच्या पाकिटावर उतरवून घेतला. तारीखही ठरवून आला. पुढच्या महिन्याची पहिली.

आता मात्र मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

एका रविवारी पहाटे ते गुपचूप टेलरकडून किल्ली घेऊन आले. "इंजिन बघतो जरा," म्हणाले. उजवीकडच्या सीटवर बसले. सगळं उलटं! आरसा भलतीकडे, दार भलतीकडे, आणि उजवा हात सवयीनं स्टिअरिंग शोधायला गेला तर खिडकीवर आपटला. तरी निघाले. बाजार झाला, पाण्याची टाकी झाली, शाळा झाली, आणि शाळेपुढं, जिथून रोज वळायचं, तिथून ते सरळ गेले. गाव संपल्याची पाटी दिसली. समोर रस्ता, मोकळा, लांबच्या लांब, कुणी नाही. आणि मास्तरांनी शेजारी बघितलं. डावीकडची सीट रिकामी.

कुणीच नव्हतं हो! चुकलं तर ब्रेक दाबायला जगात कुणीच नव्हतं!

मास्तरांनी पाटीपाशीच गाडी वळवली, आठ वेळा पुढंमागं करून, आणि घरी येऊन ग्लासभर पाणी उभ्यानं प्यायले.

सांगून टाकावं, असं त्यांना शंभरदा वाटलं. पण गाव काय म्हणेल? मालक काय म्हणतील? आणि हे दोघं? चाळीस वर्षांत दोघांनी त्यांची एवढी एकच गोष्ट अशी मानली होती, की तिची टिंगल करायची नाही. बाकी सगळ्याची करायचे. टकलाची, घोरण्याची, बायकोला घाबरण्याची. पण गाडीचा विषय निघाला की दोघं गप्प बसून मास्तरांकडे बघायचे. ती नजर गेली तर मग उरलं काय?

तेव्हा मास्तरांनी काय केलं? शेजारच्या गावात जाऊन दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

हो! गाडीच शिकायला! डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, बसनं गेले. काउंटरवरच्या मुलानं धंदा विचारला तर म्हणाले, "शिक्षक." म्हणजे खोटं काहीच नाही. बायकोला सांगितलं, सकाळी फिरायला जातो, डॉक्टर म्हणालेत.

पहिल्या दिवशी ते उजवीकडच्या सीटवर जाऊन बसले, टोपी खाली ओढली. डावीकडचं दार उघडून शिकवणारी बाई आत बसली. तरुण, खांद्याला पर्स, तोंडात च्युइंगम. तिनं पट्टा लावला, मास्तरांकडे बघितलं, आणि च्युइंगम चघळायचं थांबली.

"सर?"

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं.

"सर, तुम्हीच ना? मी! तुमची विद्यार्थिनी! रिव्हर्सला रडायचे ती! तुम्ही मला काय म्हणायचात आठवतंय? 'पोरी, तू सायकलच चालव.'"

"मी असं म्हणालो होतो?"

"रोज."

आता पळून जाण्यात अर्थ नव्हता. मास्तरांनी टोपी काढली, चष्मा काढला, आणि कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं भडाभडा सांगून टाकलं. पाटी, रिकामी सीट, अस्तर, डोस, सगळं. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला हसू आलं होतं, नाही असं नाही, पण तिनं ते गिळलं.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. मग आळस दिल्यासारखे हात ताणले आणि एकदम ओरडली, "पण आता पाय उचला! क्लच आहे तो, सासऱ्याचा पाय नाही!"

अशी सूड घेतल्यासारखी शिकवायची ती! मास्तरांचं एकेक वाक्य तिला पाठ होतं. "आरसा काय केस विंचरायला दिलाय का?" "हॉर्न वाजवा, बाळ झोपलंय का कुणाचं?" मास्तर घामाघूम व्हायचे. आपण इतकं वाईट बोलतो हे त्यांना बावीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. गावातल्या आपल्या विद्यार्थ्यांशी ते अचानक गोड बोलायला लागले. "सावकाश हं, होतं असं." विद्यार्थी हादरलेच. दातांच्या डॉक्टरांची मेहुणी नव्यानं शिकत होती, तिनं घरी जाऊन सांगितलं, मास्तर आजारी दिसतात.

मग तिनं त्यांना घाटात नेलं. चढावर तीनदा गाडी बंद पडली, एकदा मागं सरकली, मास्तरांनी डोळेच मिटले. पण वर पोचले. वर एक चहाची टपरी होती. मास्तर तिथं बाकावर डोळे मिटून, छातीवर हात ठेवून बसले, आणि ती त्यांच्या खांद्यावर थोपटत म्हणाली, "छान जमलं, सर. खरंच छान."

आणि नेमका त्याच वेळी, नेमका तिथंच, डोसच्या दुकानात औषधाची खोकी टाकणारा टेम्पोवाला चहा पीत होता.

पुढचं काय सांगायचं! टेम्पोवाल्यानं डोसला सांगितलं, डोसनं टेलरला. मास्तर, सकाळी सकाळी, दुसऱ्या गावच्या घाटात. गाडीत तरुण बाई. मास्तर डोळे मिटलेले. बाईचा हात खांद्यावर.

"अरे, आपला ब्रेक्या?" टेलरच्या तोंडात टाचण्या होत्या, एक खाली पडली.

"म्हणून घाट नको म्हणत होता!" डोसला एकदम सगळा उलगडा झाला. "तिथं आपण गेलो तर ओळखतील ना लोक! धुकं म्हणे!"

रविवारी दोघं मास्तरांच्या घरी आले. मास्तरांची बायको पोस्टात काउंटरला होती, पण रविवार म्हणून घरीच, मटार सोलत बसलेली. दोघं बसले. टेलर उगाच खुर्चीच्या कव्हरची शिवण बघत होता.

"वहिनी, तुम्ही जरा आत..." डोस म्हणाला.

"का? मटार आत सोलू?"

"नाही, म्हणजे विषय जरा नाजूक आहे."

"मग तर मी इथंच बसते," वहिनी म्हणाल्या.

डोसनं खाकरून घसा साफ केला. "ब्रेक्या, माणसाचं वय होतं. काही गोष्टी होतात. पण वहिनींचा तरी विचार करायचास."

"कसला विचार?" मास्तर.

"घाटातला!" टेलरनं एकदम फोडलं. "ती बाई कोण आहे? टेम्पोवाल्यानं बघितलंय तुला! डोळे मिटून बसला होतास!"

मास्तर पांढरे पडले. वहिनींच्या हातातला मटार खाली पडला. त्यांनी दोघांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, टकलापासून चपलांपर्यंत, सावकाश. आणि मग त्या हसायला लागल्या. साधंसुधं नाही! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मटारचं ताट उलटं होईपर्यंत.

"हे?" त्या म्हणाल्या. "हे? लफडं?" आणि परत हसू. "भावजी, अहो यांना मोजे सापडत नाहीत!"

मास्तरांना आता काय करावं ते कळेना. म्हणजे बघा, एकीकडे लफड्याचा आळ, दुसरीकडे गाडी येत नाही ही कबुली, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्यांच्या मनात आलं, की लफडंच कबूल करावं! त्यात निदान थोडी इज्जत तरी होती. पण बायको इतकी हसत होती, इतकी हसत होती, की त्यांचं डोकंच सटकलं.

"मी गाडी शिकतोय!" ते ओरडले.

टेलरनं खुर्चीचं कव्हर सोडलं.

"ब्रेक्या," डोस हळूच म्हणाला, "अरे, खोटं बोलायचंच तर जरा बरं तरी बोल."

"खरंच सांगतोय! मला गावाबाहेर गाडी चालवता येत नाही! कधी चालवलीच नाही! ती बाई मला शिकवते!"

"तू मला शिकवलंस," टेस्ट पास झाल्यावर परत कधी स्टिअरिंगला हात न लावलेला टेलर म्हणाला. "डोसला शिकवलंस."

"मला तरी अजून कुठं आलीय," डोस म्हणाला. तो टेस्टमध्ये तीनदा नापास झाला होता, कारण त्याला डावं-उजवं पटकन कळायचं नाही. "पण तो माझा दोष. याचा नाही. नाही नाही, हे काही पटत नाही."

कुणालाच पटेना. पण वहिनींचं हसू थांबलं होतं. त्या उठल्या, पदराला हात पुसले, आणि एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नाला आपण बसनं गेलो ते?"

मास्तर खिडकीकडे बघायला लागले.

"तीन बस बदलून. मांडीवर आहेराचं भिंतीवरचं घड्याळ. दर तासाला टोले देत होतं ते, अख्खी बस माझ्याकडे बघत होती. मालक स्वतः किल्ली घेऊन दारात आले होते, मास्तर, गाडी न्या म्हणत होते. तुम्ही काय म्हणालात? कुणाचे उपकार नकोत."

"अगं..."

"मी माहेरी सगळ्यांना सांगितलं, आमचे हे फार स्वाभिमानी आहेत म्हणून!"

हे ऐकून टेलर आणि डोस एकमेकांकडे बघायला लागले, कारण आता थोडं थोडं पटत होतं. मास्तर खाली मान घालून बसले होते. एवढे मोठे मास्तर, ज्यांना पोलीस ठाण्याचे साहेब अजून घाबरतात, ते जमिनीवरचे मटार एकेक करून वेचत होते.

"चला," वहिनी म्हणाल्या. "किल्ली काढा, टेलरभावजी. आत्ताच्या आत्ता घाटात जायचं. येते की नाही ते बघू या सगळेच."

आता ही एक वेगळीच पंचाईत. गाडी नीट चालवली तर लफडं खरं ठरणार, आणि वाईट चालवली तर सहल गेली. मास्तर उजवीकडच्या सीटवर बसले तेव्हा त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं, देवाकडे काय मागावं. वहिनी शेजारी बसल्या. टेलर आणि डोस मागं.

बाजार झाला, टाकी झाली, शाळा झाली. गावाची पाटी आली. मास्तरांनी शेजारी बघितलं. तिथं ब्रेक नव्हता, पण बायको होती, आणि तिचा चेहरा असा होता, की पाटीपाशी वळायची कुणाची टाप नव्हती. ते सरळ गेले.

चढ लागला तेव्हा पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली आणि मागं सरकायला लागली. मागं ट्रक. ट्रकनं जो काही हॉर्न दिला! टेलर डोसच्या गळ्यात पडला. "पटलं!" डोस किंचाळला. "पटलं, लफडं नाही! आता दाब काहीतरी!"

मास्तरांनी हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, क्लच हळूच सोडला, आणि गाडी गुरगुरत, थरथरत, पण वर निघाली. मग दुसरं वळण. मग तिसरं. मागच्या सीटवर हळूहळू आवाज बंद झाला. एका वळणावर खाली सगळी दरी दिसली, शेतं, नदी, पलीकडं निळे डोंगर, आणि टेलर हळूच म्हणाला, "च्यायला, काय दिसतंय." वहिनीही बघत होत्या. मास्तरांना काही दिसत नव्हतं, ते रस्त्याकडे बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

वर टपरीवर चौघांनी चहा घेतला. ग्लास रिकामा करून टेलर म्हणाला, "बरी चालवतोस की, लेका."

"हळू चालवतो," डोस म्हणाला.

"हळू पण बरी."

मास्तरांना इतकं भरून आलं, की चहा नाकात गेला. ठसका थांबल्यावर ते म्हणाले, "एक सांगायचं राहिलं."

"आता काय?" वहिनी.

"मला फक्त चढ येतो. उतरताना ती बाई घ्यायची गाडी. तिचा पुढचा विद्यार्थी खाली ताटकळत असायचा, तिला घाई असायची."

तिघं त्यांच्याकडे बघत राहिले. मग तिघांनी उताराकडे बघितलं.

मास्तरांनी तिला फोन लावला. "सर, मी बहिणीकडे जेवायला आलेय," ती म्हणाली. "पहिला गिअर टाका आणि बसा निवांत. आणि सर, सायकलचा विचार केला का कधी?"

उतरले! पहिल्या गिअरमध्ये! इतके सावकाश, की टेलरनं दार उघडून उतरून, रस्त्याकडेची फुलं तोडून, परत आत बसून दाखवलं. मागं रांग लागली. ट्रक, टेम्पो, दोन बस, एक बँडवाल्यांची गाडी, आणि त्यांना बहुतेक कंटाळा आला असावा, कारण त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आरशात बघून वहिनी म्हणाल्या, "आपल्या लग्नात एवढी माणसं नव्हती." आणि त्यांना परत हसू आलं, पण या वेळी मास्तरही हसले, अर्धंच, कारण पूर्ण हसायला स्टिअरिंग सोडावं लागलं असतं. आणि एवढा सगळा वेळ डोस डावीकडे उजवीकडे जे जे दिसेल ते मोठ्यानं सांगत होता, धबधबा, माकड, मैलाचा दगड, आणि प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला बोट दाखवत होता.

खाली पोचले तेव्हा सगळी रांग भर्रकन शेजारून निघून गेली. मास्तरांनी गाडी कडेला लावली, हँडब्रेक ओढला, आणि हात स्टिअरिंगवरून काढायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. वहिनींनी एकेक करून उघडून दिली.

"मग," मास्तर समोर बघतच म्हणाले, "सहलीला तुम्ही दुसरा ड्रायव्हर बघा. मी मागं बसेन. नकाशा धरेन."

टेलरनं गळ्यातला टेप काढला, डोसनं खिशातलं ते औषधाचं पाकीट काढलं, आणि दोघं मागं डोकी जुळवून कुजबुजायला लागले. साडेसात इंच, अधिक चार, अधिक समुद्र. मग टेलरनं फोन काढला आणि बायकोला लावला.

"ऐक गं," तो म्हणाला. "सात दिवस नाही, चौदा लागतील. नाही, रस्ता तोच आहे. ड्रायव्हर? ड्रायव्हर कोण म्हणजे काय, ब्रेक्याच." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. टेलरनं समोरच्या सीटवरच्या टकलाकडे बघितलं, ते जराही हलत नव्हतं, कान मात्र मागं लागले होते.

"येते गं," टेलर म्हणाला. "चांगली येते त्याला."